हर्णैला ऑइल रंग घेऊन जाताय? आधी तिथी बघा

हर्णैसमोरच्या समुद्रातल्या सुवर्णदुर्गावर ईझेल (चित्र टेकवायची घोडी) आणि ओल्या रंगाचे बोर्ड घेऊन जायचा विचार असेल तर सोडून द्या. किल्ला बघायला जरूर जा, पण रंगवायचा असेल तर किनाऱ्यावरून रंगवा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर आमचा एक अख्खा दिवस, बाराशे रुपये आणि तीन चित्रं वाचली असती. जाऊन आलेल्या जितक्या जणांना विचारलं त्या सगळ्यांनी ‘मस्त आहे, होडीने दहा मिनिटं’ एवढंच सांगितलं होतं. परतीचं कुणीच बोललं नव्हतं.

डिसेंबरात आम्ही दोघं, मी आणि एक चित्रकार मित्र, पाच दिवस हर्णैत राहिलो. रेल्वेने खेड, तिथून एसटीने दापोली आणि मग हर्णै. सामान प्रत्येकी एक सॅक: आठ बाय दहा इंचांचे जेसो (रंगाआधीचं पांढरं अस्तर) लावलेले एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचे) बोर्ड, रंगाच्या सात ट्यूब, चार हॉगहेअर ब्रश, एक पॅलेट नाइफ, घडीचं ईझेल. टर्पेंटाइन नेलं नाही. ते ज्वालाग्राही, रेल्वेत न्यायला बंदी आहे, आणि उगाच धोका पत्करू नये. ट्यूबमधल्या रंगांना हा प्रश्न नाही. ब्रश आम्ही चिंधीने कोरडे पुसून करडईच्या तेलात खळबळायचो आणि रात्री साबणाने धुवायचो. पाच दिवस काही अडलं नाही. खोबरेल मात्र वापरू नका. कोकणात ते हाताशी असतं म्हणून मोह होतो, पण खोबरेल कधीच वाळत नाही. ब्रशात राहिलेलं थोडंसं जरी रंगात गेलं तरी तेवढा भाग महिनोन्महिने चिकट राहतो. आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या खोलीत गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून टाका.

आता किल्ल्याचा दिवस.

बंदरावर एका होडीवाल्याशी आदल्या संध्याकाळी बोलणं झालं. माणशी दोनशे, सकाळी आठला सोडतो, साडेदहाला न्यायला येतो. आम्हाला ते अगदी सोयीचं वाटलं, कारण एका स्पॉटवर दीड तासाच्या पुढे ऑइल करता येतच नाही. तेवढ्यात ऊन हलतं आणि सावल्यांचं सगळं गणित बदलतं. आठला निघालो, पाणी चढतं होतं, होडी थेट पुळणीला लागली. पाय घोट्यापर्यंतच भिजले.

पहिला धक्का तिथेच. किल्ल्याचा दरवाजा पूर्वेला, म्हणजे हर्णैकडे तोंड करून आहे. आमच्या डोक्यात चित्र होतं ते किल्ल्यावरून दिसणाऱ्या हर्णैचं: किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावरचं दीपगृह, फत्तेगडावरची घरं, खाली बोटी. पण सकाळी किल्ल्यावरून हर्णैकडे बघायचं म्हणजे सरळ सूर्यात बघायचं. दीपगृह एक करडी काडी, घरं एक जांभळट पट्टा, पाण्यावर डोळे दिपवणारी चकाकी. ऑइलमध्ये ती चकाकी टायटॅनियम व्हाइट कितीही थापून येत नाही. शेवटी पाठ फिरवून दरवाजाच रंगवला. पूर्वेचं ऊन त्याच्यावर थेट पडलेलं होतं. पायरीवर कोरलेलं कासव आणि शेजारच्या तटावरचा मारुती, दोन्ही छान उजळले होते. दरवाजाच्या दगडात आधी दिसतो त्यापेक्षा खूप जास्त जांभळा रंग आहे. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एकत्र करून, त्यात पांढरा जपून घातला की तो जवळजवळ सापडतो.

साडेदहा झाले. होडी नाही. अकरा झाले, पश्चिमेचा वारा सुटला. तो सुटला की बारीक वाळू उडते आणि ओल्या रंगावर तिळासारखी बसते. ती लगेच वेचायला जाऊ नका, रंग फाटतो. पूर्ण वाळल्यावर कोरड्या ब्रशने झाडली की निघते. आत रान माजलेलं, म्हणून दरवाजाच्या कमानीखालच्या सावलीत बसून राहिलो. दोघांत एक लिटर पाणी. फोन लावला तर ‘निघालोच’.

तो आला एक वाजता. तोवर पाणी एवढं ओसरलं होतं की होडी पुळणीला लागेना. तो खडकांच्या पलीकडे उभा राहिला आणि ‘या चालत’ म्हणून हाका मारायला लागला. ते अंतर फार तर पन्नास पावलांचं असेल. पण खडकावर शेवाळ, आणि शेवाळ नाही तिथे कालवं. कालवांच्या शिंपांना पात्यासारखी धार असते. माझी चप्पल निसटली आणि पाय तिथेच कापला. आम्ही बोर्ड समोरासमोर ठेवून, मध्ये चारी कोपऱ्यांना बुचांचे तुकडे देऊन सुतळीने बांधले होते. मित्र कमरेएवढ्या पाण्यात घसरला आणि ते बंडल हातातून सुटलं.

पाण्याने रंगाला काही झालं नाही. तेल आणि पाणी एकत्र होतच नाहीत. नुकसान झालं ते दोन गोष्टींनी. एक, मित्राने बंडल घाईने छातीशी दाबलं, बुचं सरकली आणि दोन चित्रं एकमेकांना चिकटली. दुसरं, एमडीएफच्या कडांना जेसो लावलेला नव्हता. तिथून खारं पाणी आत शिरलं आणि रात्रीपर्यंत कडा फुगून भाकरीसारख्या झाल्या. कडा आणि पाठ, दोन्हीकडे जेसोचे दोन हात द्याच.

होडीत बसल्यावर पैशांचं निघालं. ‘दादा, वेटिंगचे पंधराशे होतात.’ मी म्हटलं, वाट आम्ही पाहिली, तुम्ही नाही. त्याचं म्हणणं, पाणी नव्हतं, त्याला दोनदा फेरी मारावी लागली. भिजलेली चित्रं, रक्ताळलेला पाय, भांडायची ताकद नव्हती. बाराशे दिले, आणि ते मला आजही पटलेलं नाही. तुम्ही गेलात तर अख्ख्या होडीचं भाडं ठरवा, माणशी नको. जातायेताचं एकत्र बोला, अर्धे पैसे परत किनाऱ्याला लागल्यावर द्या, आणि हे बोलणं मुक्कामाच्या घरच्या माणसासमोर करा.

संध्याकाळी घरमालक काकांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी पायाला हळद लावायला दिली, मग भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं. ‘आज तिथी काय? वद्य बारस. बाराचं पाऊण किती?’

‘नऊ.’

‘मग नऊला भरली. नऊनंतर उतरणारच ना पाणी. एक वाजता तिथे होडी कुठून लागणार?’

हा हिशोब कोकणात सगळ्यांना पाठ असतो आणि आम्हाला पुण्यात कुणी सांगितला नव्हता. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तास पुढे. अष्टमीला भरती सहाला, म्हणून दुपारी बाराला ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा दोन्ही कमी. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतील, पण चित्रकाराला एवढं पुरतं. आता मी ट्यूब मोजायच्या आधी तिथी बघतो. ओल्या पुळणीत आकाशाचं प्रतिबिंब रंगवायचं असेल तर चतुर्थी किंवा पंचमी गाठा, सकाळी नऊच्या सुमाराला पाणी पार मागे गेलेलं असतं आणि ऊनही कोवळं असतं. किल्ल्यात उतरायचंच असेल तर चतुर्दशी बरी, साडेदहाला भरती, म्हणजे नऊला जाऊन बाराच्या आत परत येता येतं.

मधले दोन दिवस हर्णैजवळच्या मुरूडच्या पुळणीवर गेले. सुरूची सावली, गर्दी नाही, दोन चित्रं जमली.

किल्ला कुठून रंगवावा, तर दोनच जागा. पहिली कनकदुर्गाच्या पायऱ्या. सकाळी सात ते साडेआठ ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि सुवर्णदुर्गाचा अख्खा पूर्व तट उजळतो. संध्याकाळी तिथे जाऊ नका, किल्ला नुसता काळा ठोकळा दिसतो. सूर्यास्ताचे फोटो चांगले येतात, पण चित्रात करण्यासारखं काही उरत नाही. दुसरी जागा आंजर्ल्याला, कड्यावरच्या गणपतीच्या डोंगरावरची. पूल झाल्यापासून खाडी ओलांडायला होडी नको, गाडी वर जाते. तिथून दक्षिणेला बघायचं, सकाळचं ऊन डावीकडून, तटाच्या प्रत्येक बुरुजाला एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू. पाच दिवसांतलं माझं सगळ्यात चांगलं चित्र तिथलं आहे. ते करताना मला भूक-तहान काही आठवलं नाही. इथे वारा मात्र फार आहे. ईझेलला दगडांची पिशवी टांगा. छत्री उपयोगाची नाही, उडते. पण बोर्ड आणि पॅलेट दोन्ही सावलीत राहतील असं बसा. उन्हातल्या बोर्डावर रंग उजळ दिसतात, आपण गडद मिसळत जातो, आणि घरी आणल्यावर चित्र विझलेलं दिसतं.

पाण्याच्या रंगाबद्दल. हर्णैचं पाणी फोटोत निळं-हिरवं दिसतं आणि मी तो फोटो बघूनच कोबाल्ट आणि व्हिरिडियन जास्तीचे घेतले. प्रत्यक्षात किनाऱ्याजवळ पाणी गढूळ, पिवळट करडं आहे. निळं दिसतं ते लांबवर, आणि तेही ऊन चढल्यावर. मला लागला तो यलो ऑकर, रॉ अंबर आणि अल्ट्रामरीनचा थेंब. व्हिरिडियनची ट्यूब जवळजवळ तशीच परत आली.

फोटो घ्याच, पण फोनवर विश्वास ठेवू नका. फोनची रुंद लेन्स किल्ल्याला एक बारीक रेघ करून टाकते. डोळ्याला तो त्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. म्हणून झूम करून वेगळा फोटो घ्या, आणि हात ताठ करून ब्रशच्या दांड्यावर किल्ल्याची लांबी मोजून वहीत टिपून ठेवा. सावल्या फोटोत एक तर काळ्या येतात नाहीतर फोन त्या स्वतःच उजळतो. होडीच्या पोटाखालच्या सावलीत वाळूचा तांबूसपणा आणि आकाशाचा निळेपणा असतो, तो फोटोत मिळत नाही. मी प्रत्येक जागी आधी पाच मिनिटांत बोर्डाच्या कोपऱ्यावर आकाश, लांबचं पाणी, जवळचं पाणी, उन्हातली वाळू, सावलीतली वाळू असे पाच ठिपके लावायचो. घरी फोटोवरून काम करताना आकार फोटोतून घेतले आणि रंग ठिपक्यांतून.

फोटो खरोखर लागला तो लिलावाला. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव संध्याकाळी होतो. बोटी लांब थांबतात आणि बैलगाड्या पाण्यात जाऊन टोपल्या आणतात. चाकं अर्धी बुडालेली, बैलांचे पाय दिसत नाहीत, कोळणींच्या लुगड्यांचे रंग सारखे सरकत असतात. तिथे ईझेल लावायचा प्रयत्न करू नका. जागा नाही, आणि तिथल्या लोकांचा तो धंद्याचा वेळ आहे. बाजूला उभं राहून, विचारून फोटो घ्या, पेन्सिलीने बैलांचे दोन-तीन कच्चे आकार टिपा. घरी या फोटोवरून मी दोन चित्रं केली. ठिपक्यांशिवाय केलेलं पहिलं कॅलेंडरसारखं झालं. दुसरं मला आवडलं.

शेवटी वाळण्याचं. रॉ अंबर दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो, कारण त्यातलं मँगनीज वाळायला मदत करतं. टायटॅनियम व्हाइट सगळ्यात हट्टी. लाटेच्या फेसासाठी जाड लावलेला पांढरा परत येऊन बारा दिवस झाले तरी नखाला चिकटतोय. त्यामुळे जाड पांढरं काम तिथे करू नका, ते घरी आल्यावर करा. एसटीच्या मागच्या सीटवर चार तास हादरे खात आलेल्या बंडलात फक्त पातळ रंगाचे बोर्ड सुखरूप राहिले. पायाची जखमही आता भरत आलीय. चतुर्दशीला परत जाणार आहे, दरवाज्याचं चित्र राहिलंय.