तुम्ही विचारलंत म्हणून: अंथरुणाला खिळलेलं माणूस घरी सांभाळताना

घरातलं कुणी पक्षाघातानं किंवा खुब्याच्या फ्रॅक्चरनं अंथरुणाला खिळलं, की डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांना आनंदापेक्षा धास्तीच जास्त असते. अशा वेळी मला हमखास विचारतात, ‘घरी आणतोय खरं, पण आम्हाला झेपेल का? एवढी ताकद कुठून आणायची?’ फोनवर घाईघाईत अर्धंमुर्धं सांगितलं जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

झेपतं. अंगातली ताकद त्याला फार लागत नाही. घड्याळ लागतं, बारीक नजर लागते आणि आपल्या जागी उभं राहणारं दुसरं माणूस लागतं. रोजच्या करण्यातून मला कळलेलं सगळं या तिन्हींत बसतं.

माणूस घरी येण्याआधी पलंगाची सोय करा. आपल्या घरातला दिवाण गुडघ्याएवढा असतो. त्यावरच्या माणसाचं करायचं म्हणजे दिवसभर कमरेत वाकणं आलं, आणि आठवडाभरात करणाऱ्याचीच पाठ धरते. कमरेच्या उंचीची फाउलर कॉट आणा. तिच्या पायथ्याशी फिरवायची दोन हँडल असतात, एकानं पाठ वर येते, दुसऱ्यानं गुडघे. विकत घ्यायची घाई नको, ती भाड्यानं मिळते. बऱ्याच गावांत सेवाभावी संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत, तिथे अनामत ठेवून कमी भाड्यात कॉट, वॉकर, कमोडची खुर्ची असं सगळं मिळतं. कॉट भिंतीला चिकटवू नका. दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहता आला पाहिजे, आणि पडल्या जागेवरून खिडकी किंवा घरातली वर्दळ दिसली पाहिजे. आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवलेलं माणूस लवकर खचतं.

आता ज्याची सगळ्यांना भीती असते ते बेडसोर, म्हणजे पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा. हाडं जिथे कातडीच्या अगदी जवळ असतात तिथे ते होतात: माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. अंगाच्या वजनानं तिथलं रक्त अडतं, आणि तासन्‌तास अडलेलं राहिलं की आतलं मांस मरायला लागतं. वरून दिसते ती जखम नंतरची, आत नुकसान आधीच झालेलं असतं. म्हणून सकाळी अंग पुसताना या जागा उजेडात बघायच्या. लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून धरा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ गेलेली नाही, त्या कुशीवर आज झोपवायचं नाही इतकंच. बोट उचलल्यावरही लाली तशीच राहिली तर ती बेडसोरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळपट-जांभळट झालेली, हाताला गरम किंवा घट्ट लागणारी जागा शोधायची.

अशा डागावर लोक मायेनं तेल चोळतात. चोळू नका, आतल्या नाजूक झालेल्या रक्तवाहिन्या आणखी तुटतात. मधे भोक असलेली गोल रबरी चकतीही नको. मधला भाग मोकळा राहतो, पण कडेचा दाब चहूबाजूंनी रक्त अडवतो. स्पिरिट लावून पावडर टाकायची जुनी पद्धत होती, त्यात स्पिरिटनं कातडी कोरडी पडते आणि पावडर घामानं गोळा होऊन कातडीच्या घड्यांत घासते. कोमट पाण्यानं पुसा, टिपून कोरडं करा. घासायचं नाही, टिपायचं. डायपरखाली झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा, तेवढं पुरतं.

खरा उपाय कूस बदलणं. दिवसा दर दोन तासांनी: डावी कूस, पाठ, उजवी कूस. अगदी पूर्ण कुशीवर करू नका, त्यानं सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून अंदाजे 30 अंश कलतं ठेवा. समजा पाठीवर झोपलेल्या माणसाला डाव्या कुशीवर घ्यायचंय. तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहा. ‘काका, तुम्हाला माझ्याकडे वळवते हं,’ असं आधी सांगा. न सांगता वळवलं की माणूस घाबरून अंग ताठ करतं आणि दुप्पट जड होतं. डावा हात अंगाखाली अडकू नये म्हणून थोडा बाजूला काढा, उजवा छातीवर घ्या, उजवा गुडघा दुमडा. मग एक हात उजव्या खांद्यामागे, दुसरा उजव्या खुब्यामागे, आणि तुमच्याकडे ओढा. दुमडलेल्या गुडघ्याच्या वजनानं निम्मं अंग आपोआप येतं. पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मधे उशी. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर कुठल्या कुशीवर वळवायचं आणि पाय कसे ठेवायचे हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून समजून घेऊनच वळवा. पाठीवर असताना पोटऱ्यांखाली लांबट उशी ठेवा, टाचा हवेत राहिल्या पाहिजेत. पक्षाघाताच्या बाजूचा हात धरून कधीही ओढू नका. त्या खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात, सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखत राहतो.

माणूस पायथ्याकडे घसरला तर काखेत हात घालून ओढायची सवय असते. त्यात पाठीची कातडी चादरीला घासली जाते आणि बेडसोर तिथूनच सुरू होतो. त्याऐवजी खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी एक जाड सुती चादर कायम आडवी अंथरलेली ठेवा. आधी पलंगाची पाठ खाली करा, दोन्ही बाजूंना एकेक जण उभे राहा, चादरीच्या कडा अंगालगत गुंडाळून घट्ट धरा, आणि एक-दोन-तीन म्हणत उचलून वर घ्या. उचलायचं, फरफटवायचं नाही.

एअर मॅट्रेस, म्हणजे विजेच्या पंपानं हवा भरत राहणारी गादी, घ्याच, पण ती आणली म्हणजे कूस बदलायला नको असं नाही. ती नेहमीच्या गादीवर पसरायची आणि तिच्यावर फक्त एक सैल चादर. वर गोधडी घातली की तिचा उपयोग गेला. हवा पुरेशी आहे का, ते कुल्ल्यांच्या बरोबर खाली मॅट्रेसखालून तळवा वर करून हात घालून बघा. हाताला हाड टेकत असेल तर हवा कमी आहे. वीज गेली की हवा हळूहळू उतरते, हे लक्षात असू द्या.

भरवणं सोपं वाटतं, पण माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष तिथे हवं. अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि अंथरुणावरच्या माणसाला तो झेपत नाही. पलंगाची पाठ जितकी वर येईल तितकी घ्या, हनुवटी किंचित खाली. तुम्ही उभ्यानं भरवलंत तर ते मान वर करून घास घेणार आणि गिळताना ठसका लागणार. म्हणून समोर बसा, चमचा खालून तोंडाकडे न्या. चहाचा छोटा चमचा, तोही अर्धा. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली म्हणजे गिळलं, मगच पुढचा घास. पक्षाघात असेल तर लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, जेवण झाल्यावर गालात बोटानं किंवा ओल्या कापडानं बघा.

घट्ट अन्नापेक्षा पाण्याचा ठसका जास्त लागतो, हे पुष्कळांना नवं असतं. पाणी पटकन घशात उतरतं आणि गिळायला उशीर होतो. म्हणून पेज, नाचणीचं सत्त्व, घट्टसर ताक चालतं आणि साधं पाणी अडचणीचं ठरतं. पातळ वरणात भाताची शितं हा प्रकारही त्रासाचा, कारण तोंडात एकाच वेळी पातळ आणि घट्ट दोन्ही येतं. भात वरणात पूर्ण घोटून एकजीव करा. शेव, चुरमुरे, कोरडी बिस्किटं नकोत. माणूस पेंगत असेल तर ते जेवण चुकलं तरी चालेल, झोपेत भरवू नका. जेवल्यावर अर्धा तास बसतं ठेवा. खाल्ल्यानंतर आवाज ओलसर, घरघरता येत असेल तर ठसका लागला नसला तरी डॉक्टरांना सांगा.

नाकात नळी असेल तर नाकाशी नळीवरची खूण कुठे आहे ती बघून ठेवा. प्रत्येक वेळी तीच खूण तिथे दिसली तरच अन्न द्यायचं. गाळलेलं, कोमट, एका वेळी 200 ते 250 मिली, सिरिंजचा दट्ट्या न दाबता नुसतं उंच धरून आपल्या वेगानं उतरू द्यायचं. आधी आणि नंतर थोडं पाणी सोडायचं, नाहीतर नळी चोंदते. गोळ्या कुटून घालण्याआधी औषधाच्या दुकानात विचारा, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. नळी निघून आली तर घरी परत घालू नका.

लघवीची पिशवी कमरेपेक्षा खाली हवी, पण जमिनीला टेकायला नको. काही तास पिशवीत लघवी आली नाही आणि ओटीपोट टम्म लागलं तर आधी नळी कुठे दुमडली आहे का बघा, तसं नसेल तर लगेच डॉक्टरांना बोलवा. बायकांना पुसताना नेहमी पुढून मागे. शौचाचं एक सांगते, कारण त्यात फसगत होते: तीन-चार दिवस शौचाला झालेलं नाही आणि अचानक पातळ पाझरायला लागलं, तर ते जुलाब नसू शकतात. आत घट्ट शौचाचा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूनं पातळ वाट काढतं. जुलाब थांबवायची गोळी दिली की हाल वाढतात.

या सगळ्याची एक वही करा. वेळ, कूस, काय खाल्लं, लघवी, शौच, औषध. एकेक शब्द पुरे. नवीन मावशी आल्या की वही त्यांच्या हातात द्यायची, डॉक्टर आले की त्यांच्या. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतानाही संसर्ग असू शकतो. कालपर्यंत ओळखत होते ते आज बरळतायत, किंवा दिवसभर गुंगीत आहेत, तर ‘वयामुळे असेल’ म्हणू नका, त्याच दिवशी तपासून घ्या.

अंग पुसताना दार लावा, आणि जेवढा भाग पुसताय तेवढाच उघडा, बाकी चादर. आधी डोळे नुसत्या पाण्यानं, मग चेहरा, हात, छाती, पाय, पाठ, आणि शेवटी खालचं, वेगळ्या कापडानं. चश्मा, कवळी, कानाचं यंत्र जागेवर आहे का बघा. निम्म्या वेळा ‘त्यांना आता समजत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यांना नुसतं ऐकू येत नसतं. त्यांच्या अंगावरून दोघांनी एकमेकांशी त्यांच्याबद्दल बोलणं मला अजिबात सहन होत नाही. बोलता येत नसलं तरी बऱ्याचदा ऐकणं शाबूत असतं.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत उचलून न्यायची गरज नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून तो काढता येतो, पोस्टमनकडूनही घरबसल्या होतो. खात्यातून पैसे काढायला सही करता येत नसेल तर आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेतला जबाबदार अधिकारी असावा लागतो.

आता ते तिसरं, दुसरं माणूस. बहुतेक घरांत सगळं एकाच बाईवर येतं आणि दोन-तीन महिन्यांत ती आजारी पडते. झोप मोडलेल्या माणसाच्या हातून औषध चुकतं, आवाज चढतो, घाईत भरवलं जातं. म्हणून तिची झोप हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे असं मी ठामपणे सांगते. एअर मॅट्रेस असेल आणि सकाळी कातडी स्वच्छ दिसत असेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री कूस तीन-चार तासांनी बदलली तरी चालतं. रात्रीचं काम दोघांत वाटा, आज तू, उद्या मी. पैसे मोजके असतील तर घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून दिवसाऐवजी रात्रीचं माणूस ठेवा. पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर उभं राहून कूस बदलणं आणि भरवणं करून दाखवा, सगळ्यांना शिकवलेलं असतंच असं नाही.

भेटायला येणारे नातेवाईक ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात, आणि आपण संकोचानं काहीच सांगत नाही. सांगा, आणि नेमकं सांगा: ‘वहिनी, दर गुरुवारी दोन ते पाच तुम्ही बसा.’ मोघम मागितलेली मदत कुणालाच करता येत नाही, वार आणि वेळ दिली की बहुतेक जण येतात. पहिल्या गुरुवारी त्यांना वही, पाण्याचा चमचा आणि उशा कुठे आहेत ते दाखवा, फोन जवळ ठेवा, आणि ते तीन तास घरात थांबू नका.