नाताळात गोव्याला गाणं ऐकायला जाताय?

डिसेंबरातला गोवा म्हणजे किनाऱ्यावरचा डीजे, असंच आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. आम्ही आईला घेऊन मडगावजवळच्या एका गावात चार दिवस राहिलो आणि माणसांनी समोर बसून वाजवलेलं संगीत पोटभर ऐकलं.

२४ तारखेची मध्यरात्रीची मिसा, म्हणजे चर्चची सामूहिक उपासना, चर्चबाहेर पटांगणातच होती. वेळ अकराची, पण साडेदहालाच नाताळची कोंकणी गीतं सुरू झाली. व्हायोलिनवाल्या आजोबांनी नोटेशनचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून कपड्यांच्या चिमट्यांनी स्टँडला लावले होते. पान संपत आलं की ते गज न थांबवता नुसती मान हलवायचे. शेजारची बारा-तेरा वर्षांची मुलगी आपलं व्हायोलिन खाली घेऊन चिमटा काढायची, पान उलटायची आणि पुढच्याच ओळीत पुन्हा सुरात शिरायची. नाताळाआधीच्या चार रविवारी ग्लोरिया हे मिसेतलं स्तुतिगीत म्हणत नाहीत. त्यामुळे त्या रात्री घंटांच्या गजरात ते सुरू झालं, तेव्हा अख्खं पटांगण गात होतं. आईने माझा हात घट्ट धरला.

ही तयारी एका हंगामाची नव्हे. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत आले. इथल्याच माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले.

मिसेची वेळ गावागणिक बदलते, म्हणून दुपारीच चर्चच्या फलकावर बघून या. गीतांपासून ऐकायचं तर अर्धा-पाऊण तास आधी जागा धरा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, मोबाईल खिशातच राहू द्या आणि गाणं कितीही आवडलं तरी टाळ्या नकोत. प्रसादाच्या रांगेत आपण जायचं नसतं, जागेवर शांत बसलं की पुरे. परतीची गाडी मात्र आधीच ठरवा. आमचा रिक्षावाला आलाच नाही आणि आईला रात्री दीड वाजता दोन किलोमीटर चालावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मडगावच्या रवींद्र भवनात तियात्र, म्हणजे गाण्यांचं कोंकणी नाटक, पाहिलं. पहिलं तियात्र १८९२ साली झालं, तेही मुंबईत! दोन प्रवेशांच्या मध्ये पडदा पडतो, कलाकार पडद्यापुढे येऊन कांतार, म्हणजे गाणं, म्हणतात आणि साथीला ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम्स. संगीत नाटकांवर वाढलेल्या आईला अर्धीअधिक कोंकणी समजली, उरलेलं चालीने सांगितलं. तिकीट आदल्या दिवशी खिडकीवर मिळालं. पुढच्या रांगेतलं, वादक दिसतील असं मागून घ्या.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे २३-२४ डिसेंबरसाठी २४-२५ ऑक्टोबरला, सकाळी आठला. मांडवी किंवा कोकणकन्या धरा आणि मडगावलाच उतरा.