पाचशे रुपयांचा अर्ज

एक ऑगस्टला पगाराच्या मेसेजची वाट बघत होते आणि आला चलनाचा. नो पार्किंग, ५०० रुपये. लिंक उघडली तर माझीच ॲक्टिव्हा, मागून काढलेला फोटो, नंबर प्लेट अगदी लख्ख, आणि पुढे हुकाला लटकवलेल्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावतीये ती पण दिसतीये. बोर्ड मात्र फोटोत कुठेच नाही.

मी तिथे थांबले होते जेमतेम दहा-बारा मिनिटं, चष्म्याच्या दुकानात नाकावरचे पॅड बदलून घ्यायला. दुकानदाराने पैसेसुद्धा घेतले नाहीत, म्हणाला ताई एवढ्याचं काय घ्यायचं. म्हणजे फुकटातलं काम मला पाचशेला पडलं.

आता त्या रस्त्यावर आहे पी१ पी२. विषम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला समोरच्या. आदल्या दिवशीच मी तिकडे गेले होते तेव्हा सगळ्या गाड्या चष्म्याच्या दुकानाच्या समोरच्या बाजूला होत्या, म्हणून आज दुकानाच्या बाजूला लावली, इतका साधा सरळ विचार. बोर्ड बघायचा म्हणलं तर त्या खांबावर कोणातरी भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि बोर्डावरच्या पीचा फक्त पाय खालून बाहेर आलेला. संध्याकाळी परत जाऊन फोटो काढले. शुभेच्छुकांची तोंडं मोजली, तेवीस होती, आणि त्या तेवीस जणांच्या मागे माझा पुरावा.

घरी दोन पक्ष पडले. नवरा म्हणाला अगं भरून टाक आणि विषय संपव, तुझ्या तासाचा हिशोब केलास तर अर्ध्या तासातच तोट्यात जाशील. बाबा आलेले होते राहायला, त्यांनी जन्मभर सरकारी ऑफिसात आवक-जावक सांभाळलेली, ते म्हणाले अर्ज कर, अर्जाला काय पैसे पडतात?

नवऱ्याचं गणित तसं चूक नाही. पण त्यात एक गोष्ट राहते, की हे पाचशे पहिल्या वेळचे. डिसेंबर २०२१ पासून आपल्याकडे दंडाचे नवीन दर आले, आधी नो पार्किंगला दोनशे होते त्याचे पाचशे झाले, आणि दुसऱ्यांदा सापडलात तर पंधराशे. म्हणजे हे चलन रद्द झालं तर पुढचं माझं ‘पहिलं’ ठरणार. पुढचं होणारच आहे हे मी गृहीत धरलं होतं यावरून नवरा बराच वेळ हसला.

शेजारच्यांचं प्रकरण वेगळं होतं. त्यांची गाडी इथे खाली कव्हर घालून उभी आणि चलन आलं सोलापूरचं, फोटोत गाडीसुद्धा वेगळी, नंबर टाकताना तीनाचा आठ झालेला. तिथे विचारच करायचा नाही, तक्रार करायची, फोटोच तुमच्या बाजूने बोलतोय. त्यांचं रद्द झालं पण. प्रश्न आमच्यासारख्यांचा, ज्यांची गाडी पण तीच असते, जागा पण तीच, आणि म्हणणं फक्त एवढंच की अहो ऐकून तर घ्या.

तर बसलो आम्ही. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे, चलन नंबर टाकायचा, कारण लिहायचं, फोटो जोडायचे. मी लिहिलं, ‘फ्लेक्समुळे बोर्ड दिसत नव्हता.’ बाबांनी वाचलं आणि चेहरा असा केला की जणू मी जेवणाच्या ताटात चप्पल ठेवली. मग त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की. पुढे ‘सदर फलक’ तीनदा, ‘दर्शनी भाग’ दोनदा आणि शेवटी ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती’. खरं सांगते, वाचल्यावर मलाच माझी दया आली.

सबमिट केलं, चहा टाकला, आणि मग बाबा म्हणाले, कालची तारीख काय होती गं?

एकतीस.

आणि आज एक. दोन्ही विषम! म्हणजे बाजू बदलतच नाही, कालचीच आज चालू. फ्लेक्स नसता आणि बोर्ड चांगला हातभर मोठा असता तरी मी ‘काल तिकडे तर आज इकडे’ म्हणून इकडेच लावली असती, कारण मी बोर्ड बघत नाही, गाड्या बघते. बाकीच्या गाड्या आज पण समोरच होत्या म्हणे, फोटोत माझी एकटीच उभी आहे मेथी घेऊन, ते मला तेव्हा दिसलंच नाही.

मी म्हणलं बाबा आता काय, अर्ज मागे घ्यायचा का? ते म्हणाले अर्ज कधी मागे घेत नसतात. आणि फ्लेक्स होता की नव्हता? होता. मग आपण खोटं काय लिहिलंय. रात्री जेवताना त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं की अशी वेळ वर्षातून सात वेळा येते आणि लीप वर्षात आठ, कारण २९ फेब्रुवारीनंतर पण एकच तारीख येते. हा मुद्दा घेऊन कोर्टात जायची त्यांची तयारी होती.

पण कोर्ट म्हणजे मात्र मला नाही वाटत. तसा रस्ता आहे, व्हर्च्युअल कोर्ट आलेत, नागपूर जिल्ह्यात काटोलला ट्रॅफिकच्या केसेससाठी २०२० मधेच सुरू झालं, प्रकरण तिथे गेलं की घरबसल्या दंड भरता येतो किंवा मला मान्य नाही म्हणता येतं. पण मान्य नाही म्हणलं की केस नेहमीच्या कोर्टात, मग तारीख, रजा, झेरॉक्स, रिक्षा, बाहेरचा वडापाव, आणि एवढं करून सांगायचं काय तर एकतीसनंतर एक येते.

आणि खरी गंमत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची. ते अर्ज करत नाहीत, भांडत नाहीत, आणि भरत पण नाहीत. चलनं साठवतात. मग राष्ट्रीय लोक अदालतीचा मेसेज येतो, शनिवारी सकाळी डबा घेऊन जातात, रांगेत उभे राहतात, आणि सगळ्या चलनांचं मिळून सवलतीत मिटवून दुपारी झोपायला घरी. वर म्हणतात तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही, डोक्याला ताप नाही. म्हणजे त्याच दिवशी मुकाट भरणारा पूर्ण भरतो आणि वर्षभर काखा वर करून बसणाऱ्याला डिस्काउंट. माझा पाचशेपेक्षा जास्त राग या काकांवर आहे, पण त्यांना डोश्याचं पीठ दिलंय काल, बोलणार काय.

उत्तर आलं काही दिवसांनी. तक्रार अमान्य, एवढंच. फ्लेक्सबद्दल चकार शब्द नाही. बाबांना जास्त लागलं ते हे, की त्यांच्या एवढ्या पत्राला कोणी ‘संदर्भ’सुद्धा लिहिला नाही. मी पाचशे भरले, पावती आली, नवरा काही बोलला नाही हे त्याचं मोठेपण.

अजून एक असला अर्ज करीन का? घरून करायचा असेल आणि फोटो त्याच दिवशीचे असतील तर करीन एकदा. सबमिट करायच्या आधी कॅलेंडर बघून.

तो वाढदिवस उतरला त्या खांबावरून, मग तिथे दहीहंडी आली, आता पीचा पाय पण दिसत नाही. बाबा गावी गेलेत परत. एकतीस ऑगस्टला रात्री साडेनऊला त्यांचा फोन. मला वाटलं तब्येतीचं काही आहे. म्हणाले, “उद्या पण तीच बाजू हां. आणि मेथी आधी घरी ठेवून मग जा.”