लेक गाडी चालवायला लागली आणि मी ठिपका बघायला

लेकीच्या हातात लायसन्स आलं त्या रात्री मी मोबाईलवर चार ॲप डाउनलोड केली. ती शिकत होती तेव्हा मी शेजारच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक पायाने दाबत राहायचे. आता ती सीट रिकामी राहणार होती.

माझा शोध सुरुवातीलाच भरकटला. ‘पेरेंटल कंट्रोल’ असं शोधलं की समोर येतं ते बरंचसं लहान मुलांसाठी असतं. गूगलचं फॅमिली लिंक त्यातलंच. कुठलं ॲप किती वेळ वापरायचं, रात्री फोन कधी बंद करायचा, काय डाउनलोड करू द्यायचं, हे सगळं त्यात ठरवता येतं. मूल कुठे आहे तेही दिसतं. पण गाडी कशी चालवली जातेय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. दुसऱ्या टोकाला चोरून पाळत ठेवणारी ॲप असतात, मुलांना पत्ता लागू न देता मेसेज वाचा म्हणणारी. खोटं कशाला बोलू, त्यातल्या एकावर माझं बोट रेंगाळलं. पण ‘आधी फोनची सुरक्षा तपासणी बंद करा’ ही पहिलीच पायरी वाचली आणि मी पान मिटवलं. लेकीच्या फोनचं दार मीच सताड उघडं टाकायचं, तेही तिच्या सुरक्षेसाठी!

मग सरळ तिलाच विचारलं. माझी भांडणाची तयारी होती. ती म्हणाली, “लाव की. पण तुझ्या आणि बाबांच्या फोनवरही लावायचं.” नवरा पेपराआड हसला. माझ्यापुढे पर्याय नव्हता.

ॲप निवडताना खरा उपयोग झाला तो एका कागदाचा. मला नेमकं काय कळायला हवंय ते मी त्यावर लिहून काढलं. तीनच गोष्टी निघाल्या: ती पोचली का, चालवताना फोन हातात घेते का आणि देव न करो, पण काही झालं तर मला कळेल का.

पहिल्या गोष्टीसाठी नवीन ॲपची गरजच नव्हती. व्हॉट्सॲपवर १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास लाइव्ह लोकेशन पाठवता येतं. गूगल मॅप्सवरही २०१७ पासून लोकेशन शेअर करता येतं. तिसऱ्या गोष्टीसाठी आधी फोन कुठला आहे ते बघा. आयफोन १४ पासूनच्या मॉडेलमध्ये आणि गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये मोठी धडक ओळखून मदतीला फोन लावायची सोय आहे (ती सगळ्या देशांत चालत नाही). जे फोनमध्येच आहे त्याचे पुन्हा पैसे भरण्यात काय हशील?

राहिली मधली गोष्ट, आणि जीव तिच्यातच अडकलेला. ६० च्या वेगात पाच सेकंद नजर फोनवर गेली तर गाडी ८३ मीटर पुढे गेलेली असते, आंधळी. त्यासाठी मात्र प्रत्येक फेरीचा रिपोर्ट देणारं ॲप लागतं. लाइफ३६० हे त्यातलं गाजलेलं नाव. फोनमधले सेन्सर आणि जीपीएस यांच्यावरून अशी ॲप वेग, कचकन मारलेले ब्रेक, एकदम दाबलेला ॲक्सिलरेटर आणि चालवताना फोनला लागलेला हात टिपतात. त्याच लाइफ३६० बद्दल डिसेंबर २०२१ मध्ये ‘द मार्कअप’ या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळाने बातमी दिली होती की कुटुंबांच्या लोकेशनची माहिती ते डेटा दलालांना विकतात. पुढे कंपनीने ही विक्री बऱ्याच अंशी थांबवत असल्याचं जाहीर केलं. ते वाचल्यावर मी प्रत्येक ॲपच्या प्रायव्हसी पॉलिसीतला एकच भाग डोळ्यांत तेल घालून वाचला: माहिती आणखी कोणाला देतात. एका ॲपच्या पॉलिसीत ‘आमचे भागीदार’ हे शब्द इतक्यांदा आले की मी ते तिथेच काढून टाकलं. उरलेल्यांतलं एक ठेवलं.

तिसऱ्याच दिवशी नकाशावरचा तिचा ठिपका थांबला.

ती मैत्रिणीकडे निघाली होती. पुलाच्या तोंडाशी ठिपका आला आणि तिथेच चिकटला. दहा मिनिटं. वीस मिनिटं. मी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा माझे हात कापत होते. चाळीस मिनिटांनी तिचाच फोन आला, “आई, पोचले गं मी. काय झालंय?” तिच्या फोनच्या बॅटरी सेव्हरने मागे चाललेलं ॲप झोपवलं होतं, एवढंच. अँड्रॉइडवर अशा ॲपला लोकेशनची ‘कायम’ परवानगी द्यावी लागते आणि बॅटरीच्या बंधनातून त्याला वेगळं सोडवावं लागतं. मी पहिलं केलं होतं, दुसरं राहिलं होतं.

पण खरी चपराक रात्री बसली. ॲप जागं झाल्यावर त्या फेरीचा जमेल तेवढा रिपोर्ट आला: फोन हाताळला, ३ वेळा. मी तावातावाने तो तिच्यासमोर धरला. तिने शांतपणे कॉलची यादी उघडून वेळा दाखवल्या. तिन्ही वेळा मीच होते. कोण एवढं सारखं फोन करतंय म्हणून तिने चालत्या गाडीत पर्समधून फोन काढून बघितला होता.

आणखी एकदा तोंडघशी पडले. ‘वेग ९६’ अशी सूचना आली आणि ती घरात शिरताच मी सुरू झाले. ती चपला काढता काढता म्हणाली, “आई, मी बसमध्ये होते.” हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं: स्टिअरिंगवर कोण आहे हे फोनला कळत नाही. बस, मैत्रिणीची गाडी, सगळं तिच्याच नावावर जमा होतं. अशा फेऱ्यांवर ‘मी चालवत नव्हते’ अशी खूण करायची सोय असेल तरच ॲप घ्या.

महिन्याभराने आम्ही तिघांनी बसून सेटिंग पुन्हा ठरवली. पोचल्याची सूचना चालू, धडकेची चालू, वेगाची तात्काळ सूचना बंद. रिपोर्ट रविवारी, तिघांचे एकत्र बघायचे. निघण्याआधी तिचा फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात जातो आणि ती गाडीत असेतो मी फोन करत नाही. ठिपका मात्र उघडायचा नाही, असं मी कबूल केलं.

या आकड्यांत घरात सगळ्यात वाईट चालवते ती मी. कचकन ब्रेक माझेच जास्त. नवऱ्याला हे लग्नापासून माहीत होतं म्हणे.

गेल्या रविवारी तिच्या नावापुढे फोनचा आकडा शून्य होता. माझ्यापुढे १. तिने फेरी उघडली, वेळ बघितली. “संध्याकाळी सहा दहा. तेव्हा मी क्लासहून निघाले होते. तू काय बघत होतीस गं?”

मी म्हटलं, सिग्नल लागला होता.