फुगलेली भिंत उतरवायची की नाही

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशात ग्रेट झिम्बाब्वे नावाच्या जुन्या दगडी नगराचे अवशेष आहेत. त्याच्या भिंतींत चुना नाही, सिमेंट नाही. ग्रॅनाइटचे दगड नुसते थरावर थर रचलेत, अकराव्या ते पंधराव्या शतकांत. मोठ्या आवाराची बाहेरची भिंत सुमारे 250 मीटर घेराची आणि काही ठिकाणी 11 मीटर उंच आहे. दोन्ही अंगांना नीट बसवलेले दर्शनी दगड, मध्ये वेडीवाकडी भर. पाऊस आत मुरला की भरीतल्या चिपा खाली बसतात, दर्शनी दगड बाहेर रेटले जातात आणि भिंतीला पोट सुटतं. आपल्या गडांच्या बुरुजांवर हे दुखणं पाहिलेलं होतं, म्हणूनच मला तिकडचं काम मिळालं.

पावसाळा तिथे साधारण नोव्हेंबर ते मार्च. अशाच एका रात्री खालच्या सखल भागातल्या एका आवाराची भिंत ढासळली. शेजारी अजून दोन फुगवटे होते, एक भलामोठा, एक लहान. एका कार्यालयातून फोन आला: मोठं पोट ताबडतोब उतरवा, मागे सिमेंट भरा, पाहुणे यायचेत. पाहुण्यांच्या तारखेवर भिंतीचा इलाज ठरवणारी माणसं मी दोन्ही देशांत पाहिली आहेत आणि दोन्हीकडे मला त्यांचा संतापच येतो.

आमच्या मुख्य गवंड्यांना सगळे सेकुरू म्हणत, म्हणजे आजोबा. त्यांनी मला मोठ्या पोटाजवळ नेलं.
"सांधे बघ."
करडं दगडफूल एका दगडावरून दुसऱ्यावर अखंड गेलेलं होतं. दगडफूल फार सावकाश वाढतं. दगड हलले असते, तर ते सांध्यावर तुटलं असतं. लहान पोटावर ते तुटलेलं होतं आणि आतली कोरी कड उघडी पडली होती. भिंतीवर आधी केलेल्या खुणांमधली अंतरं मी पुन्हा मोजली. मोठं पोट जागच्या जागी होतं, लहान सरकत होतं.

लहान उतरवलं. आधी फोटो, मग प्रत्येक दगडावर खडूने आकडा (रंग कधीच नाही), मग जमिनीवर थरांच्याच क्रमाने मांडणी. भरीत घाणेरीची मुळं शिरली होती, आपल्याकडच्या जंगलांत माजलेली तीच घाणेरी. परत रचताना दगड बसत नसेल तर हातोडा मारायचा नाही. तो दगड तिथला नाही, असं समजून तिथला शोधायचा. सेकुरूंच्या हाताखाली हे काम करणारी पोरं मला अनेक पदवीधरांपेक्षा जास्त भरवशाची वाटतात.

मोठं पोट आम्ही तसंच ठेवलं. उतरवलं असतं तर पुढची भिंत आमची झाली असती, मूळ बांधणाऱ्यांची नाही. याच जागी 1902 ते 1904 मध्ये, ही वास्तू परक्यांनी बांधली असं मानणाऱ्या रिचर्ड हॉलने वरचे मातीचे थर आफ्रिकनांची घाण म्हणून उपसून टाकले. ही वास्तू आफ्रिकनांचीच, असं 1905 मध्ये पुरातत्त्वज्ञ रँडल-मॅकआयव्हरने सांगितलं, 1929 मध्ये पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-थॉम्पसननेही. पण ते थर गेले ते गेलेच.

अहवालात मी कारणासह लिहिलं: मोठ्या फुगवट्याला हात लावू नये, मोजमाप चालू ठेवावं. कार्यालयाने त्यावर 'दुर्लक्ष' असा शेरा मारला, म्हणजे मी कामात हयगय केली. ती भिंत उद्या पडली, तर बोट माझ्याकडेच दाखवलं जाईल. पावसाळा आला की ही भीती वर येते, मी जुने आकडे पुन्हा तपासतो, आणि दर वेळी निर्णय तोच निघतो.