ऑक्टाव्हियाचा तिसरा गिअर

दिवाळीच्या आधी मी स्कोडा ऑक्टाव्हिया घेतली. नवी कुठली, २००६ ची आहे, १.९ टीडीआय डिझेल, एमएच-२० पासिंग, माझ्या आधी तिघांच्या दारात उभी राहून आलेली. १ लाख ३५ हजार मोजले. बायको म्हणली अहो एवढ्यात स्कूटी आली असती आणि पोरीच्या क्लासची फी पण निघाली असती, आणि तिचं बरोबरच होतं, हिशोबात ती कधी चुकत नाही. मी एवढंच म्हणलं की मला तिचा तिसरा गिअर टाकून बघायचाय. ती नुसती बघतच राहिली माझ्याकडं.

तर हे तिसऱ्या गिअरचं प्रकरण सांगतो.

२००४ ते २००६ मी शेंद्र्याला होतो. औरंगाबादहून (म्हणजे आताचं संभाजीनगर, तोंडात अजून दोन्ही येतं) जालना रोडनं चिकलठाणा सोडलं की पुढं शेंद्रा एमआयडीसी लागते, तिथं २००१ पासून स्कोडाचा प्लांट आहे आणि तिथनं निघालेली पहिली गाडी म्हणजे ही ऑक्टाव्हिया. सुटे भाग पार चेक देशातून यायचे आणि जोडणी आमच्या इथं. मी काय जोडणीत नव्हतो. ठेकेदाराकडून लागलेला ड्रायव्हर, काम एकच, तयार गाडी शेडमधून काढायची आणि यार्डात नेऊन लावायची, नाहीतर यार्डातून काढून कंटेनरपाशी न्यायची. अंतर फार तर चारशे मीटर. पहिला गिअर, दुसरा गिअर, बास. सीटला प्लास्टिक, स्टिअरिंगला प्लास्टिक, पायाखाली कागद. हातात कडं नको, बोटात अंगठी नको, पट्ट्याचं बक्कल झाकलेलं पाहिजे, कारण पेंटला ओरखडा आला तर संपलं. दिवसभर असं चालायचं, दार उघड, बस, चारशे मीटर, उतर, दार लाव, चालत परत ये. दोन वर्षात हजारो गाड्या झाल्या असतील माझ्या हातून आणि एकीलाही मी तिसरा गिअर टाकला नाही.

पगार २८०० रुपये आणि गाडी दहा लाखाच्या वर. आम्ही सहाजण होतो, जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की हाच हिशोब, की काही न खाता न पिता नुसता पगार साठवला तर किती दिवसात येईल. उत्तर दरवेळी तीस वर्षं यायचं. त्यात डिझेल धरलेलं नसायचं.

मला त्या गाडीचं काय आवडायचं म्हणाल तर दाराचा आवाज. आपल्याकडं तेव्हा दार लावलं की पत्र्याचा डबा आपटल्यासारखं वाजायचं, हिचं दार म्हणजे वाड्याचा सागवानी दरवाजा, नुसतं धप्प. आणि मीटरचा हिरवा उजेड. सेकंड शिफ्टला रात्री यार्डात लाईनीनं गाड्या लावताना आत तो हिरवा उजेड, काचा बंद, बाहेर शेंद्र्याचं वारं, आणि नव्या गाडीचा तो वास. चारशे मीटर संपूच नये वाटायचं. संपायचे.

घोळ झाला तो आबांमुळं, म्हणजे माझ्या वडलांमुळं. आमचं गाव अंबड तालुक्यात. मी सुट्टीला गेलो तेव्हा कामाचं विचारलं म्हणून सांगितलं, स्कोडा चालवतो. आबांनी ते पारावर सांगितलं. पारावरनं ते गावभर. लोक विचारायचे कोणत्या सायबाकडं, आबा म्हणायचे कंपनीच्या. मग दरवेळी तेच, अरे एखाद्या दिवशी गावात आण की गाडी. आता त्यांना काय सांगणार की ती गाडी गेटच्या बाहेर काढली तर मला पोलिसच घेऊन येतेत गावात. हो आणतो म्हणायचो. आणतो आणतो म्हणत वीस वर्षं गेली.

पुढचं पटकन सांगतो. ठेका संपला, मी ठिबकच्या दुकानात लागलो, नंतर स्वतःचं छोटं दुकान टाकलं, ठिबक, पाईप, फिटिंग. आधी मारुती ८०० केली, मग वॅगन आर. मधी २०१० च्या ऑक्टोबरात आमच्या औरंगाबादच्या लोकांनी एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटीच्या, पेपरात फोटो आले, देशभर नाव झालं. त्या आठवड्यात मी दुकानात सोळा एमएमच्या लॅटरलची, म्हणजे ठिबकच्या नळीची, बंडलं मोजत होतो. वाईट नाही वाटलं, खरं सांगतो. मर्सिडीज माझ्या डोक्यात कधी नव्हतीच. जी गाडी हाताखालून गेली तीच डोक्यात बसते.

मग ही दिसली. सिडकोत एकाच्या दारात, कव्हर घालून. बघायला गेलो तर मालकानं चावी दिली आणि म्हणला भाऊ जरा थांबा, हिचा रिव्हर्स वेगळा पडतो, दाखवतो. तोपर्यंत माझा हात गेला होता. हिचा दांडा आधी खाली दाबायचा, दाबूनच डावीकडं न्यायचा आणि पुढं टाकायचा, पहिल्याच्या शेजारी. वीस वर्षं झाली, डोक्यात नव्हतं, पण हाताला माहिती होतं. मालक म्हणला आधी होती का तुमच्याकडं? म्हणलं होत्या. "होत्या" म्हणल्यावर तो जरा अदबीनंच बोलायला लागला, मी पण काही दुरुस्ती केली नाही.

कागद बघितले तर गाडी मार्च २००६ ची. मी मे पर्यंत होतो. म्हणजे हिला यार्डात नेऊन लावणारा मीच असण्याचा चान्स सहात एक. तेवढ्यावर मी घासाघीस सोडून दिली, जी करायला पाहिजे होती, कारण टायर पार गुळगुळीत होते.

पहिल्या रविवारी सकाळी सहालाच निघालो, बायको, पोरगा, पोरगी, गाव गाठायचं म्हणून. सिडको, चिकलठाणा, रिक्षा, टँकर, मधेच रॉंग साईडनं येणारे, सगळं पहिल्या-दुसऱ्यातच. शेंद्र्याचं गेट डाव्या-उजव्या कुठल्या हाताला आलं ते पण मी बघितलं नाही, समोरच्या टेम्पोकडं बघत होतो, एवढं मनात ठरवून ठेवलं होतं की तिथं जरा हळू करायची. करमाड पण गेलं. करमाडच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला. दुसऱ्यात चाळीसच्या आसपास नेली, क्लच दाबला, तिसरा टाकला, पाय दिला.

आणि आधी काहीच झालं नाही. एक सेकंद, दीड सेकंद. पोटात खड्डाच पडला माझ्या, म्हणलं यासाठी केला होता अट्टाहास. मग इंजिनच्या फेऱ्यांचा काटा एकोणीसशेवर आला आणि मागून कुणीतरी सीटला धरून लोटल्यासारखं झालं. आवाज बदलला, बायकोच्या हातातली बाटली निसटली, पोरगा मागून "ओय" म्हणला, साठ, सत्तर, पंच्याऐंशी, आणि मला हसूच आवरेना. अहो काय झालं म्हणती ती, मला सांगताच येईना.

नंतर डोकं लावलं तेव्हा कळलं. टर्बोचं इंजिन हे, म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसवर पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणारं. ९० हॉर्सपॉवर म्हणजे आजच्या हिशोबानं काही नाही, पण २१० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, आहे आणि तो पूर्ण येतो १९०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १९०० फेऱ्या झाल्या की. त्याच्या खाली एक्झॉस्टचा गॅस टर्बोला नीट फिरवायला पुरत नाही, म्हणून पाय दिला तरी गाडी आधी विचार करते. आणि यार्डात आमचा काटा कधी हजार-बाराशेच्या वर जायचा नाही. म्हणजे दोन वर्षं मी झोपलेल्या पैलवानाला इकडचा तिकडं नेऊन ठेवत होतो आणि म्हणत होतो काय शांत माणूस आहे.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल याला ऑक्टाव्हियाचं याड लागलंय.

शांत ती अजिबात नाही. सकाळी चालू केली की विहिरीवरच्या इंजिनचा आवाज आठवतो. यार्डात हेल्मेटवाले, फोर्कलिफ्ट, कंटेनर, एवढा गोंगाट असायचा की हिचा आवाज मला कधी आवाज वाटलाच नव्हता. माझ्या आठवणीत ती मऊ होती, प्रत्यक्षात खड्ड्यात धडधडते, चाकांच्या जोडातले रबरी बुश वीस वर्षाचे आहेत, धडधडणारच. ते नव्या गाडीचं नवं प्लास्टिक, तो वास, ते काहीच नाही, आत आधीच्या मालकाच्या मोगरा अगरबत्तीचा वास बसलाय तो जाता जात नाही. पोरगा पहिल्यांदा आत बसला तर म्हणला, "पप्पा, स्क्रीन कुठाय?" त्याला हिरवा उजेड दाखवला. त्यानं बघितला. बरं म्हणला.

इंडिकेटरचं तर विचारूच नका. हिचा इंडिकेटर डाव्या हाताला आणि वायपर उजव्या हाताला, आणि यार्डात इंडिकेटर द्यायची वेळच यायची नाही त्यामुळं हाताला इथं वॅगन आरचीच सवय. जालन्यात अंबड चौफुलीला रणरणत्या उन्हात मी वायपर फिरवत वळलो. ट्रॅफिकवाला हसला.

आणि पाचवा गिअर म्हणजे काही नाही. पुढच्या आठवड्यात दुकानाच्या कामानं परत जालन्याला गेलो ते मुद्दाम सावंगीहून समृद्धीवर घालून. १२० ची लिमिट आहे, मी शंभरावरच ठेवली, काटा दोन हजाराच्या आसपास, सरळ रस्ता, सिमेंट, दोन्ही बाजूला जाळी, ना गाव ना पार ना चहाची टपरी. दहा मिनिटात जांभया. एवढ्या वर्षांचं स्वप्न आणि मला झोप येऊ राहिली. जुन्या जालना रोडवर ट्रॅक्टरच्या मागं अडकून, जागा बघून तिसऱ्यात खेचून पुढं काढण्यात जी मजा आहे ती तिथं नाही. मला विचारलं तर ह्या गाडीचं सगळं सोनं चाळीस ते नव्वदच्या मधी आहे. बाकी गाडी ती गाडी.

हां, तर गाव. अंबडच्या पुढं फाट्याहून आत वळलो की चार किलोमीटर रस्ता आणि त्यात अकरा स्पीडब्रेकर, प्रत्येकानं आपापल्या दारापुढं घातलेला. ही गाडी खाली. पहिल्यावर खर्रकन घासली, मग प्रत्येक ब्रेकरला पोरं आणि बायको उतरायची, मी तिरकी करून गाडी काढायचो, ते परत बसायचे. गावात शिरलो ते असे.

मला वाटलं होतं लोक जमतील. पोरं आली दोन-चार, एकानं विचारलं काका ही जुनी होंडा का? दुसरा म्हणला थार का नाही घेतली. आबांनी वीस वर्षांपूर्वी ज्यांना सांगितलं होतं त्यातले आता दोघंच आहेत. त्यातले एक काठी टेकत आले, गाडीला पूर्ण चक्कर मारली, वाकून मागच्या सीटकडं बघितलं आणि आबांना विचारलं, "सायब नाही आले का?"

आबा म्हणले, "सायबाला सुट्टी दिली आज."

एवढंच. मला वाटलं आबा काहीतरी म्हणतील, निदान दाराचा आवाज ऐकून तरी. त्यांनी डिकी उघडायला लावली. आता हिची डिकी अशी आहे की मागची काच पण झाकणासकट वर जाते, सगळं तोंडच उघडतं, ५२८ लिटरची जागा आहे. आबा आत डोकं घालून बराच वेळ बघत होते. मग म्हणले, "याच्यात सरकी पेंडीचे चार पोते बसतेत." आणि खरंच अंबडला जाऊन चार पोते आणायला लावले, येताना पुढच्या सीटवर स्वतः बसले, मांडी घालून. ब्रेकर आले की म्हणायचे, हळू. मोकळा तुकडा आला तिथं मी तिसरा टाकून जरा पाय दिला. आबांनी डॅशबोर्डला हात लावला, काही बोलले नाहीत. पुढं परत मोकळा तुकडा आला तर म्हणले, "काऊन हळू चालवू राहिला आता?"

खर्च मात्र तोंड वासून बसलाय. टायर टाकले चारही. पुढच्या मार्चला गाडीला वीस वर्षं होतेत, आणि २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांवरच्या कारच्या रिन्युअलची फी ५ हजाराची १० हजार केली, वर पर्यावरण कर वेगळा. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची काही नोंद नाही, आणि हे डिझेल असं आहे की बेल्ट तुटला तर व्हॉल्व पिस्टनला धडकून इंजिनच बसतं, त्यामुळं तो आधी. गॅरेजवाला म्हणला बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप सगळं एकदमच करून घ्या, परत परत उघडायला नको. बायकोला आकडा सांगितला तर तिनं वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली, त्या रेघेचा अर्थ मला कळतो.

बेल्ट आलाय म्हणून काल फोन आला, गाडी सोमवारी टाका म्हणला. रविवारी आबांना मत्स्योदरी देवीला न्यायचंय, पायऱ्या होत नाहीत त्यांच्यानं पण खालून दर्शन घेतो म्हणतेत. जाताना मोठ्या रस्त्यानं घे म्हणले, लांब पडला तरी चालंल.