मापं रेडिओवर गेली, पण आधी फाटकात अडकली

रेडिओवर तुमच्या संग्रहाबद्दल बोलायचं बोलावणं आलं, तर आधी एकच काम करा. कोणत्या वस्तू आणणार आहात त्याची यादी पाठवून द्या आणि रेडिओ केंद्राकडून सहीशिक्क्यानिशी परत मागवून घ्या. बोलायची तयारी नंतर.

माझ्याकडे धान्य मोजायची जुनी मापं आहेत. आजेसासूबाईंच्या कोठीघरातला संच सर्वात जवळचा: निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशेरी आणि पायली. आमच्याकडे प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, त्यामुळे सातही एकात एक बसतात. बाकीची आठवडी बाजारातून आणि मोडवाल्यांकडून जमवली. गावच्या वाचनालयात ती मांडली होती, तिथे केंद्रातल्या एक मॅडम बघून गेल्या. मग ध्यानीमनी नसताना फोन आला, "ताई, रेकॉर्डिंगला याल का? मापं घेऊन या, आम्हाला त्यांचा आवाज हवाय." आवाज हवाय म्हटल्यावर मी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारीही पिशवीत घेतली.

फाटकावर पिशवी उघडली आणि तिथेच सगळं थांबलं. माझ्याकडच्या पत्रात माझं नाव होतं, वेळ होती, मापांचा उल्लेख नव्हता. पहाऱ्यावरचा माणूस म्हणाला, "धातूचं सामान आत न्यायचं तर कार्यक्रम विभागाची सही लागते." मॅडम स्टुडिओत, आतला फोन नुसता वाजत होता. दुसऱ्या कुणाची सही चालेल का विचारलं, तर ज्यांनी बोलावलं त्यांचीच हवी. ऊन चढत होतं, बसायला बाक नव्हता. रेकॉर्डिंगची वेळ उलटून गेली. आपणच बोलवायचं, आपणच सांगायचं की मापं आणा, आणि फाटकावर साधा निरोप ठेवायचा नाही! याचा राग मला अजून आहे.

शेवटी मॅडमच धावत खाली आल्या, सही झाली. मग रजिस्टर. एकात एक बसवलेली मापं सुटी करून मांडा, प्रत्येकाचं नाव, धातू, किंमत सांगा. चिपटं हे नाव लिहून घेणाऱ्या मुलाने ऐकलेलंच नव्हतं. मी दोनदा सांगितलं, तरी त्याने सरसकट "डबे लहानमोठे, नग ७" असं लिहिलं. किंमतीचा रकाना रिकामा चालणार नाही म्हणाला. मोडीच्या भावाने आकडा टाका, असंही सुचवलं. मी नाही टाकला. ज्या शेराने घरातल्या तीन पिढ्यांचं धान्य मोजलं, त्याच्यापुढे मोडीचा भाव मी माझ्या हाताने लिहिणार नव्हते. "घरगुती वापराची, विक्रीसाठी नाही" असं लिहायला लावलं आणि त्याखाली सही केली. तुम्हीही तसंच करा, चालतं.

मुलाखत छान झाली. बांगड्या आधीच काढून ठेवा, माइकला प्रत्येक किणकिण ऐकू येते. कागद वाचू नका, तो सळसळतो आणि आपला आवाजही शाळेत धडा वाचल्यासारखा होतो. मी ज्वारी शेरात ओतली, काठावर रास चढवून शीग लावली आणि लहानपणी खळ्यावर ऐकलं होतं तसं मोठ्याने मोजलं: "लाभ, दोन, तीन..." एक म्हणायचं नाही, पहिलं माप लाभाचं. काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने खुणेने पुन्हा मोजायला लावलं.

एक प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर तयार ठेवा: "एक शेर म्हणजे किती किलो?" मापाचा शेर जागा मोजतो, वजन नाही. त्याच शेरात ज्वारी एका वजनाची बसते, पोहे दुसऱ्याच. त्यात वजनाचा शेर निराळा आणि पायलीही सगळीकडे सारखी नव्हती. म्हणून तर १९५६ चा वजनमापांचा कायदा आला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धत लागू झाली. मी हे सांगितलं आणि ते प्रसारणात ठेवलं, याचा मला फार आनंद आहे.

परत निघाले तर फाटकावर पाळी बदललेली. नवीन माणसाने रजिस्टर काढलं. "डबे कुठायत? ही तर मापं आहेत." पुन्हा सगळी सुटी करून मांडली. निळवं इतकं लहान की ते त्याने मोजलंच नाही, म्हणून सहाच भरली. मी ते त्याच्या तळहातावर ठेवलं, तेव्हा सात झाली. तरी सकाळच्या मुलाला फोन लावून खात्री होईपर्यंत सोडलं नाही. यादीत प्रत्येक वस्तूचं खरं नाव, उंची आणि सोबत फोटो असता, तर यातलं काही झालं नसतं. यादीच्या दोन प्रती करा, जाताना एकीवर पोच घ्या.

पॅन कार्ड, रद्द केलेला धनादेश हे मानधनासाठी लागतं, तेही त्याच पिशवीत असू द्या. प्रसारणाची तारीख तिथेच लिहून घ्या, नंतर फोनवर कुणी सापडत नाही.

आणि मुलाखत आहे म्हणून पितळी मापं चिंचेने घासून चकचकीत करू नका. जुन्या मापांच्या काठाशी तपासणीचे सरकारी शिक्के असतात, बारीक अक्षरं आणि आकडे. माझ्या मापट्यावर असे तीन शिक्के आहेत, त्यातला एक आता नखाने चाचपूनच कळतो. रेडिओवर चकाकी दिसत नाही. शिक्के मात्र वाचून दाखवता येतात, आणि मी ते वाचले.